कोष्टीपुऱ्यातली माडी

हिवाळ्यातल्या सकाळी कोवळे ऊन कौलांच्या फटींतून मागावर उतरे आणि ताण्याचे सहस्र धागे एकाएकी उजळून निघत. त्या प्रकाशरेषांमागे, मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेल्या अनसूयामावशींचा चेहरा तेवढा सावलीत असे. धोटा इकडून तिकडे धावे आणि त्या लयीत त्यांचे ओठ हलत राहत. तो अभंग होता की धाग्यांशी चाललेले हितगुज, हे आठ वर्षे त्यांच्या माडीवर भाड्याने राहूनही मला उमगले नाही.

स्वातंत्र्याला वर्षही झाले नव्हते. सौंसरच्या कन्याशाळेत शिक्षिका म्हणून मी अमरावतीहून आले, तेव्हा माझ्यासोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि दिवंगत वडिलांची हार्मोनियमची पेटी होती. खोली शोधताना प्रत्येक उंबरठ्यावर एकच प्रश्न येई, "यजमान कुठं हायेत?" मी अविवाहित आहे म्हटले की त्या घरी अकस्मात कुणी पाहुणा राहायला यायचा असे. तिसऱ्या दिवशी फिरत फिरत कोष्टीपुऱ्यात शिरले. दिवसभर मागांची खटखट, सांजेला कुठे भजन, कुठे दंडारीच्या नाचगाण्याची तालीम. त्या आळीला शांतता अशी ठाऊकच नव्हती. विधवा, निःसंतान अनसूयामावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले आणि एवढेच विचारले, "पेटी वाजवता येते, का नुसतीच वागवून राहिली?"

"येते," मी म्हणाले.

त्यांनी वर जाऊन आधी खिडकी उघडली. दूरच्या संत्र्याच्या बागांतून फुलोऱ्याचा गंध आत आला. भाड्याची गोष्ट त्यानंतर झाली.

मावशींच्या ओसरीवर दर गुरुवारी भजन बसे. त्यांच्या यजमानांनी सुरू केलेला तो परिपाठ होता, आणि पतीच्या मागे तोच जणू त्यांचा संसार उरला होता. मी माडीवरून हलकेच पेटीची साथ देऊ लागले. तिसऱ्या गुरुवारी खालचे गाणे मध्येच थांबले. दुसऱ्या दिवशी मृदंग वाजवणारे गणपतबुवा, मावशींच्या यजमानांचे जुने सोबती, दारात उभे राहिले.

"वैनी, एकटी बाई, त्यात पेटी वाजवते. लोक बोलून राहिले. खोली खाली करून घ्या, नाही तं भजन दुसरीकडं बसन."

मावशींचा धोटा थांबला नाही. "बुवा, मी बी एकटीच हावो. मले कोण खाली करन?"

बुवा पायरी उतरून गेले. पण भजनही गेले. त्यानंतरचे सात-आठ गुरुवार माझ्या स्मरणात ग्रीष्मातल्या कोरड्या नदीपात्रासारखे पसरले आहेत. मावशी नेमाने सतरंजी अंथरीत, समई लावीत, आणि त्या रिकाम्या सतरंजीच्या कडेला एकट्याच हात जोडून बसत. शेजारच्या आळीतून टाळांचा नाद येई, तेव्हा त्यांची मान किंचित तिकडे वळे. ती वळलेली मान मला पाहवेना. मी ट्रंक आवरली.

"मावशी, माझ्यापायी तुमचं घर मुकं झालं. मी जाते."

"बस खाली," त्या म्हणाल्या. "पेटी आण. मले गाता येत नाही, पर आज गातो."

त्या गायल्या. स्वर कापरा, ताल हरवलेला. मी रडत रडत साथ करीत होते. दोन कडवी झाली असतील. ओसरीच्या पायरीशी कुणीतरी खोकले. गणपतबुवा मृदंग कवटाळून उभे होते.

"वैनी," ते खाली पाहत म्हणाले, "तुमचा ताल लयच चुकून राहिला. तिकडं बसून ऐकवेना."

ते सतरंजीवर बसले. पुढच्या गुरुवारी आणखी दोघे आले. काही जण कधीच आले नाहीत, आणि मावशींनी त्यांची नावेही पुन्हा घेतली नाहीत.

मग प्रांतरचना आली. आजवर एका प्रांतात नांदलेली अमरावती आणि सौंसर दोन राज्यांत विभागली गेली; सौंसर मध्य प्रदेशात राहिले. मला कुठे राहायचे, ते ठरवणे भाग पडले. अमरावतीत आई थकली होती. मी तिकडे गेले. निघताना मावशींनी माझ्या गालावरून आपली सुतासारखी चिवट, खरखरीत बोटे फिरवली आणि म्हणाल्या, "तिथं खोली पाहाशीन तवा आधी खिडकी पाहजो."

दोन वर्षांनी मी एकदा सौंसरला गेले. मनात होते की माडी माझी वाट पाहत असेल. पण तिथे जबलपूरकडची एक तरुण नर्स राहत होती. तिला मराठी येत नव्हती, मावशींना तिची हिंदी अर्धीच कळे, आणि दोघी हातवाऱ्यांनी हसत होत्या. क्षणभर माझ्या मनात काटा सलला. मावशींनी तो ओळखला असावा. चहा पुढे करीत त्या हळूच म्हणाल्या, "कोणी खोली देऊन नाही राहिलं होतं तिले."

पुन्हा जाणे घडले नाही. गणपतबुवांच्या पत्रातूनच मावशी गेल्याचे कळले. आपण सोडलेल्या जागी आपली उणीव राहत असेल, असे निघणाऱ्याला वाटते. काळाचा व्यवहार मात्र निराळा असतो: जागा नव्या माणसाला कुशीत घेते, आणि उणीव तेवढी आपल्यासोबत घरोघर, गावोगाव हिंडत राहते.