माझ्यातून आलेला सूर्य

मित्रांनो, मी एक जुने क्रेडिट कार्ड आहे. जिथे माझी सोनेरी चिप चमकत असे, तिथे आता दाभणाच्या टोकाएवढे छिद्र आहे. विमानतळाजवळ, चिकलठाण्यातल्या एका गच्चीवर, पाण्याच्या टाकीजवळ, मी दोऱ्याला लटकून वाऱ्यावर सावकाश फिरत असते. विमान उतरताना त्याची सावली माझ्यावरून सरकते आणि मला मागचे दिवस आठवतात.

प्लॅस्टिकचे पातळ थर दाबून मला घडवले गेले. अंगावर केशवरावांचे नाव उमटले आणि मी त्यांच्या पाकिटात राहायला आले. तिथला अंधार मऊ होता. मधूनच पाकीट उघडे आणि एखाद्या दुकानाचा उजेड स्वप्नासारखा अंगावर पडे. दुकानात मला वापरायचे आणि मुदतीच्या आत बिल पूर्ण भरायचे, की व्याज नाही. पेट्रोलपंपावर कधी थोडा अधिभार लागे. परदेशातून त्यांच्या मुलासाठी, वरदसाठी खेळणे मागवले तेव्हा चलन बदलल्याचे शुल्क लागले. केशवराव तिकडे फारसे बघत नसत. बिल वेळेवर भरले जाई, म्हणून घरात मला मान होता.

मग वरदची मुंज आली. गुरुजींनी दक्षिणा फोनवर टाकली तरी चालेल असे सांगितले होते. पण केशवरावांची बहीण नीरजा हिला ते रुचेना.

“ताम्हनात काय ठेवणार, दादा? मोबाइल?” ती म्हणाली. “आणि बायकांच्या हातात पाकिटं द्यायची, ती काय रिकामी?”

मंडपात हशा पिकला. महिनाअखेर होती, खात्यात फारसे काही नव्हते. केशवराव जालना रोडवरच्या एटीएमकडे धावले आणि त्यांनी मला आत सरकवले. दुकानासारखीच इथेही मुदत मिळेल, असा त्यांचा समज होता. मला बोलता येत असते तर मी त्यांना अडवले असते. नोटा बाहेर पडल्या त्याच क्षणी रोख काढल्याचे शुल्क लागले आणि त्याच दिवसापासून व्याज सुरू झाले. ताम्हनातल्या कोऱ्या नोटा मात्र सुरेख दिसत होत्या.

केशवरावांची मुलगी मनस्विनी हिला तारे बघायचे वेड होते. छावणीतल्या एका चष्म्याच्या दुकानात काचेआड एक दुर्बीण होती आणि ती येता-जाता तिच्यापाशी थबके. मुंजीनंतर दुर्बीण घेऊ, असे बाबांनी कबूल केले होते. त्याप्रमाणे एका संध्याकाळी सगळे तिथे गेले. मनस्विनीने दुर्बिणीच्या भिंगावरचे झाकण काढले, समोरच्या चिंचेचा शेंडा पाहिला आणि ती एकेक पान मोजू लागली.

केशवरावांनी मला बाहेर काढले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी पद्मजा यांनी मुंजीचे पैसे फिटले का, असे विचारले.

“भरले की. बिलातली किमान रक्कम भरली.”

पद्मजाताईंनी तिथूनच बँकेला फोन लावला, शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि फोन ठेवला.

“अहो, रोख काढली तिथं पहिल्या दिवसापासून व्याज आहे. आणि जुनी बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत नाही. ही दुर्बीण आज घेतली, तर आजपासूनच व्याज.”

केशवरावांनी मला परत पाकिटात सरकवले. मनस्विनीने कुणी सांगायच्या आधी भिंगावर झाकण बसवले. घट्ट बसले ना, हे दोनदा पाहिले.

त्यानंतर मी कपाटात पडून राहिले. कुणी माझे नाव काढत नसे. घरात बाहेरचे खाणे थांबले, बाकी हळूहळू उतरत गेली आणि एक दिवस शून्य झाली. केशवरावांनी मला बंद करून घेतले आणि कात्री मागितली.

“कापू नका, बाबा. मला द्या.”

मनस्विनीने दाभण तापवून माझी चिप आरपार भोसकली. दुखले नाही. मग ती मला गच्चीवर घेऊन गेली. सूर्याकडे पाठ करून तिने मला खांद्याजवळ उंच धरले आणि खाली पांढरा कागद ठेवला. कागदावर माझी चौकोनी सावली पडली. सावलीच्या एका बाजूला उजेडाचा एक गोल थेंब थरथरत होता, तुरीच्या दाण्याएवढा. तो सूर्य होता.

केशवराव कितीतरी वेळ कागदापाशी उकिडवे बसून होते.

“दिवाळीत दुर्बीण घेऊ,” ते म्हणाले. “साठवून.”

“घेऊ. तोवर हा आहे ना.”

मित्रांनो, तुमच्या घरातही माझे एखादे भावंड असेल. ते दुकानात एक असते आणि एटीएममध्ये अगदी वेगळे. त्याला वापरण्याआधी व्याज कधीपासून लागेल, एवढे मोठ्यांना बँकेत एकदा विचारायला लावा. आणि सूर्य बघायचा तर माझ्यातून थेट वर बघू नका, कागदावरच बघा.

आत्ता ढग सरकला आहे. जिन्यात मनस्विनीच्या चपला वाजत आहेत.