दत्तारामची चार हजार पावलं

कॅम्प चारच्या बाजारात पँट अल्टर करणाऱ्या दत्तारामने शेजारच्या संजीवनी वहिनींशी पैज लावली. महिनाभर रोज चार हजार पावलं चालायची. नाही जमलं, तर एक पाय गुलाबी असलेली जीन्स घालून बाजारात फिरायचं.

"आकडा मोबाइलचा धरणार, तुमच्या तोंडचा नाही," वहिनी म्हणाल्या.

दाराबाहेरच्या कॅलेंडरवर आकडे चढू लागले. सहा हजार, आठ हजार, एकदा तर अकरा. एवढं चालल्याचं दत्तारामला काही आठवेना, पण गडी छाती काढून फिरायला लागला.

विसाव्या दिवशी शिलाईच्या पायमशीनचा पट्टा तुटला आणि आकडा आला दोनशे बारा. मग डोक्यात ट्यूब पेटली. मोबाइल पँटच्या खिशात, आणि पाय दिवसभर मशीनच्या पायट्यावर. मोबाइल तेच हेलकावे पावलं म्हणून मोजत होता.

गप्प बसला असता तर कोणाला कळणार होतं? त्याने पेनाचं टोपण तीनदा काढलं, तीनदा लावलं. शेवटी दोनशे बारा लिहिले आणि वहिनींचं दार वाजवलं.

रविवारी भरबाजारात गुलाबी पाय पुढे टाकत दत्ताराम निघाला. मागून मोबाइल हातात घेऊन वहिनी.

"भावजी, थांबू नका. अजून तीन हजार सातशे बाकी आहेत."