रत्नाबाईच्या टाचेतला देव

"उतरला! देव उतरला!" खाटेच्या पायथ्याशी बसलेले केशवराव ओरडले, आणि मोहाडीतल्या त्यांच्या विणकरी घराच्या अंगणात जमलेल्या बायाबापड्यांनी एकदम हात जोडले.

खाटेवर त्यांची बायको रत्नाबाई उताणी पडली होती. महिन्याभरापूर्वी कोसा रेशमाची साडी विणता विणता तिचा डावा हातपाय लुळा पडला, तो तसाच. आज मांत्रिक चिमटेबाबाने केशवरावांना तिच्या लुळ्या टाचेखाली तळहात धरायला लावला, तिच्या उजव्या मांडीवर आपला चिमटा दाबला आणि गरजला, "बाई, उजवा पाय उचल! जोरानं!" तिने जोर लावला मात्र, लुळी टाच केशवरावांच्या हातावर गच्च दाबली गेली. आता आणखी कसला पुरावा हवा?

"पण देव टिकून नाही राह्यला," बाबाने डोळे गरगर फिरवले. "काहून? घरात करणी हाय. बाहेरून आलेल्या बाईची! तिले माहेरी धाडा, कायमची. अन् दवाखाना बंद."

सगळ्या माना सुनेकडे, रेणूकडे वळल्या. तिने नवऱ्याकडे पाहिलं. नीलेश चिमट्याकडे टक लावून बसला होता.

हातपाय लुळा पडला त्या दिवशी सासूला तातडीने भंडाऱ्याला पोचवणारी हीच रेणू. तिथे मेंदूचे फोटो काढले, ते साफ निघाले. डॉक्टरांनी पुढच्या उपचाराला परत बोलावलं. पण घरच्यांनी आपली अक्कल चालवली: फोटोत काही नाही, म्हणजे करणीच! शेवटी रेणूने काल हळूच त्याच डॉक्टर तेजस्विनींना फोन केला होता. त्या आता गर्दीतून पुढे आल्या.

"बाबा, हा देव आणखी कोणात उतरतो का, बघू? केशवकाका, तुम्ही झोपा."

"मी? मी त धडधाकट हाओ!"

"म्हणूनच."

केशवराव कुरकुरत आडवे झाले. डॉक्टरीणबाईंनी त्यांची उजवी मांडी दाबली आणि नीलेशला डाव्या टाचेखाली हात धरायला सांगितलं. "उचला उजवा पाय!"

"अरे बाप्पा!" नीलेश दचकला. "बाबूजीच्या टाचेत बी देव हाय!"

मग काय विचारता! खाटेभोवती झुंबड उडाली. शेजारच्या देवकाबाईच्या टाचेत देव, चंद्रकुमार किराणावाल्याच्या टाचेत देव. अंगण हसून लोटपोट झालं.

"आता बाबांची पाळी," तेजस्विनी म्हणाल्या. पण बाबांना तुमसरच्या भक्ताची अचानक आठवण झाली होती, आणि चिमटा काखेत मारून ते निघालेही होते.

"एक पाय जोरात उचलला की दुसरी टाच आपोआप खाली दाबली जाते. सगळ्यांचीच," डॉक्टर म्हणाल्या. "रत्नाकाकूंचीही दाबली गेली. म्हणजे पायात ताकद शाबूत आहे."

रत्नाबाईचे डोळे भरून आले. "म्हंजे मी ढोंग करून राह्यली का?"

"मुळीच नाही. तुमचा आजार खरा आहे. लकव्यासारखा दिसतो, पण मेंदूची शीर बंद पडलेली नाही. मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही, एवढंच. पायाकडे लक्ष देऊन हलवायला गेलं की तो अडतो, लक्ष दुसरीकडे असलं की चालतो. व्यायामाने हे सुधारतं. सुरुवात कशाने करू या?"

रेणूने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "मागावर बसवू का आईले?"

दोघींनी धरून रत्नाबाईला मागावर बसवलं. "आई, पायाकडं नोका पाहू. ह्या काठावरची वेल मले जमत नाही, सांगा बरं."

"अवं, असी नाही वो! दोन धागे सोडून घे!" रत्नाबाई चिडून पुढे वाकली, आणि मागाखालची फळी तिच्या डाव्या पायाने दाबली गेली. खटक्! ती खाली बघायला गेली तसा पाय पुन्हा अडला. पण आता तिला भीती वाटली नाही. ती चक्क हसली.

बरं व्हायला वेळ लागला. भंडाऱ्याच्या फेऱ्या, रोजचा व्यायाम, कधी दोन पावलं पुढे तर कधी एक मागे. आता ती विणते आणि तोंडाचा पट्टाही चालवते. परवा देवकाबाई कोणासाठी तरी चिमटेबाबाचा पत्ता विचारायला आली, तेव्हा रत्नाबाईने धोटा थांबवला.

"तोंड वाकडं झालं, हातपाय गळाला, बोली अडखळली, त घरी बसून इचार नोका करू, तसंच दवाखान्यात न्या. मेंदूची शीर बंद झाली असन त एकेक घडी मोलाची. अन् फोटो साफ आला त बाबाकडं नोका पळू, परत डाक्टरकडंच जा. माह्या मेंदूचा निरोप चुकला, अन् आमी सोन्यासारख्या सुनेले घराबाहेर काढाले निंगालो होतो!"