मागच्या खोल्यांचं गरम पाणी

नगरच्या सावेडीतल्या त्या जुन्या बंगल्याचा वृद्धाश्रम झाला, तेव्हा आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये डिझेलवर चालणारा एक छोटा बॉयलर बसवला होता. त्याची वाफ स्वयंपाकघरात जायची, आणि पाइपातून फिरून अंघोळीच्या टाक्यांमधलं पाणी तापवायची.

कारभारी नावाचे एक म्हातारे तिथं राहायला आले ते बायकोसाठी. मनकर्णाबाईंची डावी बाजू लुळी पडली होती आणि पाथर्डीकडच्या गावात त्यांचं करणारं कुणी उरलं नव्हतं. कारभाऱ्यांनी पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या बॉयलरवर काढलेली. हे कळल्यावर व्यवस्थापक शोभाताईंनी शेडची किल्ली त्यांच्याच हातात दिली. ती किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधून म्हातारा पुन्हा ताठ चालायला लागला होता.

डिसेंबरात थंडी वाढली आणि मागच्या खोल्यांना पाणी जेमतेम कोमट यायला लागलं. मनकर्णाबाई मागच्याच खोलीत होत्या. त्यांना अंघोळ घालताना ओठ निळे पडायचे. जीभ वळत नव्हती, तरी त्या नवऱ्याकडे बघून म्हणायच्या, "गार... गार..."

कारभारी खोलीबाहेर उभे राहून ऐकायचे.

दाब वाढवणं हा यावरचा इलाज नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. वाफेची वाट कुठंतरी तुंबली होती. पण ती शोधायची तर बॉयलर दिवसभर बंद ठेवून पाइप उघडावा लागणार, चाळीस माणसांचा स्वयंपाक अडणार. आपल्या बायकोपायी सगळ्यांचा खोळंबा कशाला, असं त्यांच्या मनानं घेतलं. एका पहाटे त्यांनी प्रेशर स्विचचा स्क्रू दीड वेढा आवळला. दोन किलो दाबाला बंद होणारा बर्नर अडीचला बंद होईल, एवढाच त्यांचा हिशेब.

स्विचची स्प्रिंग जुनी होती. दाबाचा काटा अडीचवर गेला, तीनवर गेला, तरी बर्नर पेटलेलाच. कारभारी तेव्हा मनकर्णाबाईंना चहा पाजत होते. काटा साडेतीनवर पोचला तसा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि छपरावरून वाफेची अशी किंकाळी फुटली, की अख्खा आश्रम हादरला. कारभारी धावत शेडकडे गेले, बर्नर बंद केला. आवाज थांबला, तेव्हा स्वयंपाकघरातून रडणं ऐकू आलं. स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाई दचकल्या होत्या, आणि उकळत्या चहाचं पातेलं त्यांच्या उजव्या हातावर कलंडलं होतं.

बायडाबाईंना दवाखान्यात नेऊन परत आल्यावर शोभाताई पायरीवर बसल्या. "जुनं यंत्र आहे, काका. कधीतरी असं व्हायचंच. तुम्ही होतात म्हणून निभावलं."

एवढ्यावरच गप्प बसलं असतं, तर कुणी काही विचारलं नसतं.

"ताई, यंत्राचा दोष न्हाई," ते म्हणाले. "म्या सक्रू फिरवला. मनकर्णाला पानी गरम मिळावं म्हनून. आन् काट्याजवळ उभंबी ऱ्हायलो न्हाई."

शोभाताई म्हणाल्या, "तुम्ही? तुम्हाला तर सगळं कळत होतं."

"व्हय. कळत हुतं."

त्यांनी करगोट्याची गाठ सोडली आणि किल्ली पायरीवर ठेवली. शोभाताईंनी ती उचलली. परत दिली नाही.

दुसऱ्या दिवशी बॉयलर थंडच ठेवला. जेवण शेजारच्या मंगल कार्यालयातून आलं, आणि कुणीही कुरकुर केली नाही. अमृत नावाचा मेकॅनिक आला. कारभारी स्टुलावर बसून नुसतं बोटानं दाखवत होते. मागच्या टाकीपाशी वाफेचं पाणी बाहेर सोडणारी झडप गंजून घट्ट बसली होती. त्यामुळं पाइपात पाणी साठलेलं आणि वाफेला पुढं जागाच नव्हती. अमृतनं झडप बदलली, नवा स्विच बसवला.

"बाबा, किती ठेवू?"

"दोनच. त्याच्यावर न्हाई."

संध्याकाळी मागच्या नळाला कढत पाणी आलं. मनकर्णाबाईंना अंघोळ घातली, तेव्हा त्या 'गार' म्हणाल्या नाहीत. कारभारी तिथं थांबले नव्हते. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे होते. बायडाबाई हाताला पट्टी बांधून पाटावर बसल्या होत्या, आणि समोर मेथीच्या दहा-बारा जुड्या पडल्या होत्या.

"बायडाबाई, माझ्यामुळं झालं ह्ये."

"ताईंनी सांगितलं मला," त्या वर न बघता म्हणाल्या. "लई आग व्हतीया हाताची."

कारभारी खाली बसले, एक जुडी ओढून घेतली आणि पानं खुडायला लागले. बायडाबाईंनी थोडा वेळ बघितलं.

"देठ जाड ठिवू नका," त्या म्हणाल्या.

बायडाबाईंचा हात बरा व्हायला सव्वा महिना लागला. तेवढे दिवस भाजी कारभाऱ्यांनीच निवडली.