नुसते ओठ हलव

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमाग आहे, आणि कुणी शेजारी उभं राहून फोटो काढावा असा तर मुळीच नाही. रंग उडालाय, एक पाय लाकडी ठोकळ्यावर टेकवलाय, आणि तोंडाचं म्हणाल तर अख्ख्या बुऱ्हाणपुरात माझ्याएवढं फाटकं तोंड दुसरं नसेल.

भट्टीत लोखंड वितळवून मला घडवलं. उमेदीची वर्षं भिवंडीत गेली. मग तिथल्या मालकाने नवे, कमी बोलणारे माग आणले आणि मला भंगाराशेजारी उभं केलं. तिथून सुरेशशेठनी मला उचललं, ट्रकात घातलं आणि इथल्या बुधवारा पेठेतल्या आपल्या कारखान्यात आणलं. "मशीन पुराना आहे, पण दम आहे," असं ते म्हणाले तेव्हा मला कोण आनंद झाला! दसऱ्याला गळ्यात जाड हार पडायचा. माझं कापड चिमटीत धरून व्यापारी मान डोलवायचे. हल्ली हार बारीक झालाय आणि दोन थेंबांपलीकडे तेल मागितल्याशिवाय मिळत नाही. मागायचं तरी कसं? कुरकुरायचं. कुरकुरलं की म्हणतात, म्हातारा झाला. असो, माझं रडगाणं राहू द्या. मला निरंजनबद्दल सांगायचं आहे.

निरंजन मूळचा तुकईथडचा. घरी थोडी केळी, थोडी कपाशी, पण ते रान मोठ्या भावापुरतंच, म्हणून हा शहरात आला आणि माझ्यापुढे उभा राहिला. माझ्यासकट चार माग तो एकटा सांभाळतो. आणि संध्याकाळी गातो. एकटा नाही हो, घोळक्यात. सुरेशशेठना गाण्याची भारी हौस. कापडाच्या घड्या घालायची पुढची खोली त्यांनी समूहगायनाच्या मंडळाला देऊन टाकली आहे. कारखाना सुटला की तिथे दुकानदार, मास्तर, बँकेतल्या बाया असे सगळे जमतात. शाळेत संगीत शिकवणाऱ्या प्रतिभाताई पेटीवर बसतात. कुणाला दमडी मिळत नाही, उलट चहासुद्धा आपापला. मधलं दार उघडंच असतं, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि ऐकू येतं.

आता त्या दिवसाचं सांगतो. उजाडला तो अगदी रोजच्यासारखा. निरंजन आला, माझ्या अंगावरून हात फिरवला, तेलाचे दोन थेंब सोडले, "चल रे बाबा" म्हणाला आणि बटण दाबलं. सूत वाहणारा धोटा इकडून तिकडे पळू लागला. सगळ्या भावंडांनी मिळून असा खडखडाट केला की छपराची धूळ खाली यावी. त्या खडखडाटात निरंजनने गायला तोंड उघडलं.

रविवारी खंडव्याला समूहगायनाची स्पर्धा होती. गाणं तापीमाईचं होतं, मंडळानेच रचलेलं. त्यातली एक ओळ प्रतिभाताईंनी निरंजनला एकट्याला दिली होती: 'तापीमाय गं, जरा हळू वाहा.' त्या ओळीला बाकी सगळे गप्प, पेटीसुद्धा गप्प. जो माणूस वर्षानुवर्षं मागच्या रांगेत उभा राहून गातो, त्याला एवढीशी ओळ म्हणजे काय असतं! गावाकडे फोन करून त्याने आईला इतक्या मोठ्याने सांगितलं होतं की फोन नसता तरी तुकईथडला ऐकू गेलं असतं.

मी चालू असताना मला त्याचं गाणं ऐकू येत नाही, नुसते ओठ दिसतात. पण धागा तुटला की मी थांबतो. तो अगदी माझ्या अंगाशी वाकून गाठ मारतो आणि गाणं तसंच चालू ठेवतो. तेवढंच मला मिळतं. रुंद, मोकळा आवाज आहे त्याचा. शेठचं नुकसान होतं, पण धागा तुटला की मी आपला खूश.

पण अलीकडे काहीतरी बिनसलं होतं. ओळ जिथे वर चढायची तिथे निरंजन अर्ध्या वाटेवरच थांबायचा, आणि आपण पोचलो असं समजून खुशाल पुढे जायचा. कारण शोधायला लांब जायला नको. कारण मी. मी आणि माझी ही सगळी भावंडं.

कोपऱ्यात बसून कांड्यांवर सूत भरणारी मालूबाई कानात कापसाचे बोळे कोंबल्याशिवाय कामाला हात लावत नाही. तीसुद्धा मंडळात गाते. ती निरंजनला नेहमी म्हणायची, "कापूस घालत जा रे कानात. बहिरा झाला तर बायको बी नाही मिळायची तुला!"

"मावशी, कापूस घातला का माझाच आवाज डोक्यात घुमतो," तो हसून म्हणायचा. "सूरच समजत नाही मग. गाऊ कसा?"

बघा, कसं असतं. गाण्यासाठी त्याने कान उघडे ठेवले, आणि कान उघडे ठेवले म्हणून गाणंच हातचं चाललं. मी त्याला सांगायला गेलो तर त्याच्या ऐकण्याचा आणखी एक कण उडवणार. लोखंडाच्या जन्माला येऊन माणसावर जीव लावू नये, हेच खरं.

दुपारी लाइट गेली. सगळे माग एकदम बंद. निरंजन वाकून धागे जोडत होता. मागून सुरेशशेठ आले.

"निरंजन! ओ निरंजन! अरे सुनत नाही का, कब से आवाज देतोय!"

शेठनी खांदा हलवला तेव्हा तो दचकून वळला. "गाण्यात होतो, शेठ."

"गाणं, गाणं! होऊन जाऊ दे एकदाचा तुझा रविवार," शेठ हसले आणि गेले. मालूबाईने कोपऱ्यातून बघितलं. तिचा हात कांडीवर थांबला.

इथे कारखान्यात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. म्हणून तर निरंजन डोळ्यांनी ऐकायला लागलाय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मागच्या रांगेत उभं राहून तो प्रतिभाताईंच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. शब्द त्यांच्या ओठांवरून उचलायचा, चढउतार त्यांच्या हातावरून. सूर थोडा घसरायचा, पण घोळक्यात खपून जायचं. एकट्याची ओळ म्हटली तरी ताई म्हणायच्या, "होईल, होईल."

त्या संध्याकाळी मात्र ताई म्हणाल्या, "निरंजन, आता पुढे ये. रविवारी स्टेजवर जसा उभा राहशील तसा. माझ्याकडे नाही, लोकांकडे बघून म्हण."

तो पुढे आला. पेटी पाठीमागे गेली, ताई पाठीमागे, सगळे चेहरे पाठीमागे. समोर उघडं दार आणि दारापलीकडे मी. दुसरं कुणी नाही.

गाणं सुरू झालं. निरंजन माझ्याकडे बघत राहिला. पेटी थांबली, सगळे थांबले. आता, अरे आता! मला फक्त इशाऱ्याचा एक खटका द्यायचा होता. पण वीज नसली तर मी कसला, नुसतं लोखंड. तो तसाच उभा. कुणीतरी खोकललं.

"घे ना, निरंजन," ताई म्हणाल्या. त्याला कुठलं ऐकू येणार? मालूबाईने मागून कोपर मारलं तेव्हा त्याने ओळ उचलली. पूर्ण आवाजात, जीव ओतून, आणि भलत्याच सुरात. पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मोबाइलच्या दुकानात काम करणाऱ्या मोहितने हसू दाबायला तोंडावर हात ठेवला. ते निरंजनला दिसलं नाही. एवढीच काय ती देवाची कृपा.

मग प्रतिभाताई उठून त्याच्या पुढ्यात आल्या. बाई वाईट नाही हो. ओठ चावत होती बिचारी.

"निरंजन, ही ओळ मोहितला देते हं. तू मागे राहा. आणि राग नको मानू, स्पर्धा आहे रे... तू नुसते ओठ हलव. आवाज नको काढू."

हे मात्र त्याला पहिल्या खेपेला समजलं.

"टेन्शन नका घेऊ दादा, मैं संभाल लूंगा," मोहित ओशाळून म्हणाला.

"चालंल ताई," निरंजन म्हणाला. "पण मी येऊ ना रविवारी?"

"अरे, ये ना! तुझ्याशिवाय रांग कशी पूर्ण होईल?"

"रांग भरायला नेता का त्याला?" मालूबाई एकदम कडाडली. "पुतळा आहे का तो?"

सगळे जमिनीकडे बघू लागले. शेवटी निरंजननेच तिला हात केला, "राहू दे ना मावशी." आणि मागच्या रांगेत जाऊन उभा राहिला. पेटी पुन्हा सुरू झाली. त्याचे ओठ हलत होते. मी बंद होतो, सगळे माग बंद होते, आणि तरी त्याचा आवाज मला ऐकू आला नाही. असं कधीच झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. हात फिरवला, तेल सोडलं, बटण दाबलं. एखादा पट्टा तुटावा, एखादा दात मोडावा, असं मला फार वाटलं. काही मोडलं नाही. तेल चांगलं घातलं होतं त्याने. मी ओरडायला लागलो.

खंडव्याला मंडळाचा दुसरा नंबर आला. शेठनी स्टेजवरचा फोटो मोठा करून माझ्यासमोरच्या खांबावर लावलाय. सगळे फेटे बांधून उभे आहेत, आणि सगळ्यांत मोठं तोंड उघडलंय ते मागच्या रांगेतल्या निरंजनने. मानेच्या शिरासुद्धा दिसतात. माल बघायला आलेले व्यापारी फोटोपाशी थांबतात. "हा कोण हो शेठ? काय जीव तोडून गातोय!" शेठ ऐटीत सांगतात, "आपलाच कारीगर आहे." निरंजन तेलाची बुधली घेऊन तिथेच उभा असतो. त्यांच्या ओठांवरून त्याला समजतं, आणि तो हसतो. मला डोळे मिटता येत नाहीत.

मित्रांनो, कानांना जपा. माझ्यासारख्याजवळ उभं राहायचं असेल तर आधी कापूस घाला, हौस नंतर. बोलताना कुणी तुमच्या तोंडाकडे टक लावून बघत असेल तर त्याच्याकडे तोंड करून सावकाश बोला. आणि गाणाऱ्याला गप्प बसवण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तुला ऐकू येतंय ना? निरंजनला एवढं कुणीच विचारलं नाही. मी विचारलं असतं. पण मी तोंड उघडलं की आधी त्याचाच कान जातो.