चार पायांची सवत

आपण कधी कुणाचा हेवा केला नाही, असं कस्तुराबाईंना मनापासून वाटायचं. जावेच्या बोरमाळेचा नाही, बहिणीच्या दुमजली घराचाही नाही. आणि आता नातवंडांची वाट पाहायच्या वयात हेवा आला, तोही वीतभर उंचीच्या एका कुत्रीचा.

मिली त्यांच्या मुलाची, शिवमची. पांढरी, एका डोळ्यावर तपकिरी ठिगळ, शेपटी कायम ताठ. शिवम आणि सून योगिनी कामानिमित्त काही महिने परदेशी निघाले आणि मिलीला पुण्याहून कारंज्याला सोडून गेले. जाताना योगिनीनं स्वयंपाकघरात कस्तुराबाईंना नीट समजावलं होतं.

"आई, ही टेरियर आहे. बिळात शिरून कोल्हे हुसकावायचे, हे हिच्या जातीचं काम. दोन्ही वेळा दमेपर्यंत पळवायची, नाहीतर घर उकरून ठेवेल. आणि कांदा, चॉकलेट, द्राक्षं, मनुका अजिबात नको. मनुकांनी तर कुत्र्यांची किडनी जाते."

त्या वेळी कस्तुराबाईंचे यजमान उकंडराव अंगणात मिलीला चेंडू फेकत होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नाही.

उकंडराव बाजार समितीतून निवृत्त झाल्यापासून घरात असून नसल्यासारखे होते. पेपर उघडायचे आणि त्याच्याआडून "हूं" म्हणायचे. भाजी काय करू? हूं. शिवमचा फोन आला होता. हूं. कस्तुराबाईंनी हे नशीब म्हणून स्वीकारलं होतं. माणसाचा स्वभावच अबोल, त्याला काय करणार. पण मिली आली आणि माणूस अबोल नव्हताच, हे उघड झालं. पहाटे कानांवर टोपरं बांधून ते तिला शेतशिवाराकडं न्यायचे आणि जाताना-येताना अखंड बोलायचे.

"चाल वं मिलीबाई. दमली काय? अवं, थे खार हाय, तुह्या हाती नाई लागत थे."

मिलीबाई! कस्तुराबाईंना ते झोंबायचं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हापासून त्यांच्या वाट्याला "अवं" आणि "ऐकलं का" याखेरीज काही आलं नव्हतं. कालची आलेली कुत्री मात्र बाई झाली.

शेजारच्या गंगूला तर आयतंच खाद्य मिळालं. भिंतीवरून डोकावून ती म्हणायची, "कस्तुराबाई, तुमची सवत लय चपळ हाय बरं! चार पाय हायेत तिले."

"काईबी बोलतं तू," कस्तुराबाई हळूच म्हणायच्या आणि जपमाळ ओढायच्या. शब्द मात्र काट्यासारखा रुतून बसला.

पावसानं दोन दिवस फिरणं चुकलं, तेव्हा मिलीनं तुळशीवृंदावनाची माती पार उपसून टाकली. तुळस उताणी पडलेली पाहून कस्तुराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तिची जातच खोदायची हाय," उकंडराव म्हणाले. "तिले कायले बोल लावतं? अन् तू तं दत्ताची भक्तीण. बाहेरच्या कुत्र्याइले दर गुरुवारी पोळी चारतं, अन् घरच्या कुत्रीवर डोये वटारतं?"

एवढं लांब वाक्य ते बायकोशी कित्येक वर्षांनी बोलले होते, आणि तेही मिलीची वकिली करायला.

गुरुवारी कस्तुराबाईंचं मौन असे. उठल्यापासून दुपारच्या आरतीला मंदिरात जाऊन येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बाळंतपणात आणि दुखण्यातसुद्धा हे व्रत मोडलं नव्हतं. त्या गुरुवारी त्यांनी देवाला शिऱ्याचा नैवेद्य दाखवला. नेहमीसारखाच तुपात फुगलेल्या मनुका घालून केलेला. प्रसादाची वाटी घरापुढच्या ओट्यावर बसलेल्या उकंडरावांच्या हाती दिली आणि त्या दाराशी माळ घेऊन बसल्या.

"ये वं मिलीबाई, देवाचा परसाद हाय. माह्या वाटीतला अर्धा तुहा."

बोटांवरचा घास मिलीनं चाटूनपुसून खाल्ला. दोन मनुका त्यात स्पष्ट दिसल्या.

योगिनीचे शब्द कस्तुराबाईंना लख्ख आठवले. ओठ हलले, पण मिटले. आज मौन आहे. आणि प्रसादानं कुणाचं वाईट झालंय आजवर? मन असं भराभर पुरावे गोळा करत होतं. खरं तर मौन जिभेचं होतं, हातांचं नव्हतं. उठून वाटी हिसकावता आली असती. पण त्या बसून राहिल्या. दुसरा घास गेला. उकंडरावांनी मिलीच्या मिशांना लागलेलं तूप आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि कस्तुराबाईंच्या ध्यानात आलं की माळेचा मणी मघापासून पुढं सरकलेलाच नाही. ओठांवर दत्ताचं नाव होतं आणि डोळे घास मोजत होते.

उकंडरावांनी तिसरा घास उचलला.

"फेका थे! नका चारू तिले! मनुका हायेत त्यात, मरन ना थे!"

आवाज इतका फाटला की गंगू भिंतीशी धावत आली. उकंडरावांच्या हातून वाटी सुटली. कस्तुराबाईंनी मिलीला पदरात गुंडाळलं आणि दोघं ऑटोनं जनावरांच्या दवाखान्यात पोचले.

डॉक्टरांनी इंजेक्शन देऊन मिलीला उलटी करवली. मनुका बाहेर पडल्या. सलाईन लावलं. "लगेच आणलं, बरं झालं," ते म्हणाले. "दोन दिवस पळवू नका. परवा रक्त तपासू."

"हिच्यामुळं वाचली," उकंडराव भरल्या आवाजात सांगू लागले. "मौन होतं हिचं. थे मोडलं हिनं मिलीसाठी."

कौतुक होतं ते. कित्येक वर्षांचं तुंबलेलं. कस्तुराबाईंना ते घेववेना.

"पयलाच घास गेला, तवाच पाह्यलं होतं मी," त्या म्हणाल्या.

उकंडराव वळले. "मंग काहून नाई बोलली?"

"तुमी तिच्यासंगं बोलून राह्यले होते." आवाज पुन्हा नेहमीसारखा हळू झाला होता. "माह्यासंगं कवा बोलले तसं?"

डॉक्टर उगाचच सलाईनची नळी तपासू लागले. सलाईन संपल्यावर उकंडरावांनी मिलीला उचलून घेतलं. परतीच्या वाटेवर मिली त्यांच्या मांडीवर झोपली होती आणि ते बाहेर पाहत होते. आपण आता या माणसाला कायमचं गमावलं, असं कस्तुराबाईंना वाटलं. देवापुढं बसून त्यांनी मोडलेल्या व्रताची क्षमा मागितली. पहिल्या घासाची मागायला शब्द सापडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या सडा टाकत होत्या, तर उकंडराव टोपरं बांधून उभे.

"चाल."

"कुठी?"

"फिरायले."

"मिलीले तं आराम सांगतला."

"म्हनूनच तं. तू चाल."

"म्हंजे तिच्या बदली मी?"

उकंडराव गोंधळले. टोपऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. "तसं समज. पन चाल."

राग यावा की हसावं, ते कस्तुराबाईंना कळेना. बादली ठेवून त्यांनी चपला घातल्या. दोघं शिवाराकडं निघाले. तुरीच्या बांधाशी येऊन उकंडराव थांबले, घसा खाकरला.

"इथं मिली रोज थांबते. घूस हाय या बिळात. काल तं अर्धी आत घुसली होती, शेपूट धरून ओढली मी."

कस्तुराबाईंना पुन्हा तो हेवा टोचला. बोलायला तोंड उघडलं, तर तिथंही मिलीच! पण या वेळी उकंडरावांचं तोंड वळलेलं होतं त्यांच्याकडं. त्यांनी पदर खोचला आणि दोन पावलं पुढं येऊन यजमानांच्या बरोबरीनं उभ्या राहिल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या. "मंग काय केलं तिनं?"