खोगिरावरचं किटण

प्रणितानं गराजचं दार उघडलं. टेबलावरचं खोगीर लखलखत होतं.

अमेरिकेत, फ्रीमाँटच्या त्या गराजमध्ये ती जुन्या धातूच्या वस्तू दुरुस्त करायची. खोगीर तिबेटी नोर्बूकाकांचं. त्याच्या पुढच्या उंच कडेवर कुण्या चिनी कारागिरानं शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली लोखंडी जाळी, तिच्यात एकमेकांत गुंतलेले सोनेरी ड्रॅगन. सैल झालेले खिळे तेवढे बसवायचे होते. उजव्या ड्रॅगनवर काळं किटण चढलं होतं, त्याला बोट लावू नकोस म्हणून काकांनी बजावलं होतं. त्यांचे वडील जन्मभर तिथं हात ठेवून बसायचे. तिबेट सोडताना वाटेतच थंडीनं गेले. ना फोटो, ना कपडा; बापाचं म्हणून काकांकडं काय ते एवढंच उरलं होतं.

आणि आता ते किटणच नव्हतं. शेजारी चिंचेच्या कोळाचा वाडगा होता, आणि नागपूरहून आलेले तिचे वडील दादाराव कौतुकाची वाट बघत उभे होते.

"उद्या धम्मचक्र प्रवर्तन दिन ना. विहारातली मूर्ती दरवर्षी मीच घासतो. म्हटलं, ही पण बुद्धाच्या मुलखातली वस्तू. अशी कळकट कशी ठेवायची?"

"बाबा, काय करून बसलात हे?" सांगून ठेवलं नाही म्हणून तिला स्वतःचीच चीड आली. पण सांगायचं कसं सुचणार? आपल्या माणसाला कुणी 'घासू नका' म्हणून सांगतं का?

इतक्यात काका आलेच, ठरल्याप्रमाणे खोगीर न्यायला. त्यांनी ड्रॅगनवर हात ठेवला आणि तिथंच ठेवून राहिले. प्रणितानं इंग्लिशमध्ये सगळं सांगून टाकलं, चिंचेसकट. काका रागावतील, रडतील, कोर्टात खेचतील, काहीही चाललं असतं. त्यांनी ड्रॅगनवरचा हात तेवढा काढून घेतला.

मग ते दादारावांकडं वळले. त्यांचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन उलटा केला. नखांत, बोटांच्या रेघांत तेच काळं किटण भरलं होतं. काकांनी तो हात कपाळाला लावला आणि काही केल्या सोडीनात.

"अगं, सांग की त्यांना," दादाराव अवघडून म्हणाले, "हात धुवायचेत अजून माझे."